नानांचा परतीचा नळ

“मीठ बघा,” हे नानांनी माझ्याशी बोललेले पहिले शब्द. मी रत्नागिरीच्या मुरुगवाड्यात त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो होतो. हातात बॅग, पायांत चपला तशाच, आणि समोर हे गृहस्थ कमरेला पंचा, अंगात बनियन, हातात पळी घेऊन उभे. पळीत वाफाळतं सार. मी कोण, कुठला, काही विचारणं नाही. मी बिचकून ते तळहातावर घेतलं, चाखलं, आणि काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, “थोडं कमी वाटतंय.” नाना खूश झाले. “बरोबर बोललात,” म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी चिमूटभर टाकलं. खोली मला मिळाली. रात्री त्यांच्याच पंगतीला बसलो तेव्हा कळलं, की माझ्या आधी पोस्टमनला आणि विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही मीठ कमीच वाटलं होतं. माईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, पहिला घास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, “आज घरात वर्दळ होती वाटतं.”

नाना मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. तारुण्य आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं त्यांनी दर्यावर काढली होती. तिथे शिकलेली एकच विद्या त्यांनी घरी आणली, असं माई म्हणत. कोणालाही नाही म्हणायचं नाही. “अहो, बोटीवर कोणी ताटावरून रुसून उठला तर जाणार कुठे? समुद्रात?” नाना मला समजावत. “म्हणून भांड्यात सगळ्यांचं मीठ पडलं पाहिजे. ज्याचं मीठ पडलं, तो उठत नाही.” हे त्यांनी फक्त जेवणापुरतं ठेवलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. पण नानांनी घराची कौलं बदलली ती चौघांना विचारून, आणि चौघांची चार प्रकारची कौलं एकाच छपरावर घातली. पावसाला त्या छपराचं काय करावं ते कळत नसे. ते कुठूनही गळे.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. ते मी आजवर टाळत आलो. मी साताऱ्याकडचा. बदली होऊन रत्नागिरीला आलो तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, पण पाण्याशी माझा संबंध फक्त प्यायच्या माठाएवढा. मी आस्थापनेचा कारकून. कोणाची रजा, कोणाची वेतनवाढ, कोणाचं पेन्शन. कधी नळ बघायला मी गेलो नाही, मला कोणी पाठवलं नाही. पण आळीत माझं नाव पडलं ‘पाण्याचे साहेब’. पहिल्याच आठवड्यात मी सांगून टाकायला हवं होतं, की बाबांनो, मला त्यातलं काही कळत नाही. नाही सांगितलं. मी मुळात कमी बोलणारा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक फार हुशार समजतात, हेही मला ठाऊक होतं. मला ते आवडत होतं, हेसुद्धा आज लिहून टाकतो.

नाना घरी कायमचे परतले खरे, पण घरात त्यांना जागा नव्हती. म्हणजे खोल्या पुष्कळ होत्या. जागा नव्हती. इतकी वर्षं माईंनी एकटीनं सगळं चालवलेलं. माडांचं पाणी, भाताची मळणी, मुलीचं लग्न, सगळं नानांच्या पत्त्यावर नुसतं कळवलेलं. आता नाना हौसेनं काही करायला गेले की माई हळूच येऊन ते पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवत. नानांनी खुंटीवर पंचा टांगला तर माई म्हणत, “तिथे सुपं असतात.” नाना पंचा उचलत. “बरोबर,” म्हणत. स्वतःच्याच घरात हा माणूस पंचा हातात घेऊन खुंटी शोधत हिंडायचा. त्यात मुंबईहून बोटीच्या एजंटचा निरोप आलेला, चांगला स्वयंपाकी मिळत नाही, आणखी एक खेप कराल का म्हणून. नानांनी त्याला हो म्हटलं नव्हतं. आणि अर्थातच, नाहीही म्हटलं नव्हतं.

अशात त्यांनी मासे पाळायचं काढलं.

रत्नागिरीत मासे पाळायचे म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तिथे मासा दिसला की माणूस आधी त्याचे कल्ले उघडून बघतो. नाना रोज सकाळी राजिवड्याच्या बंदरावर जात, होड्या आल्या की जाळ्यातून जे टाकून देत ते मागून घेत, आणि बादलीत घालून आणत. खडपातले, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांतले, चिमुकले रंगीत मासे, शेवटे नावाच्या माशांची पिल्लं, आणि एक केंड. हा मासा कोणी खात नाही, विषारी असतो. कोळी त्याला शिव्या घालून परत पाण्यात भिरकावतात. हात लावला की फुगून चेंडू होतो आणि म्हाताऱ्या माणसासारखे डोळे वटारून बघतो. शेजारचे आबा ओटीवर पानाला चुना लावत म्हणाले, “नाना, केंड पाळलात? उद्या कावळे पाळाल.” माई आतून म्हणाल्या, “खाता येत नाही, विकता येत नाही, बोट लावलं की फुगतो. बरा सापडला ह्यांना जोडीदार!”

पण माईंनी टाकीला पडवीचा कोपरा दिला. तिथली भाताची कणगी स्वतः हलवून दिली. देताना एक अट घातली, तीही माझ्यासमोर. “हा उन्हाळा मासे जगले तर कोपरा तुमचा. नाही जगले तर कणगी परत इथे. आणि मग तुम्ही एजंटाला काय ते एकदा कळवून मोकळे व्हा. हे ना घरचे ना दारचे आता मला बघवत नाही.” नाना म्हणाले, “बरोबर बोललीस.” पण त्यांचा आवाज तेव्हा नेहमीसारखा नव्हता. म्हणजे ती टाकी नुसती माशांची टाकी नव्हती. हे मला त्या दिवशीच समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

टाकी झाली ती माणूस आडवा झोपेल एवढी. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात जाड काचा, फटींत लांबी भरून पक्क्या केलेल्या. पाणी जवळच्या पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचं, पिंपं भरून हातगाडीवरून आणलेलं. टाकीच्या खाली एक सिमेंटचा हौद बांधला. वरच्या टाकीतून जादा झालेलं पाणी रुंद नळातून या हौदात उतरायचं, तिथे वाळूतून आणि शिंपल्यांतून गाळून निघायचं, आणि मग एक छोटा पंप ते पुन्हा वर टाकीत ढकलायचा. पंप नानांनी मुंबईच्या जहाजाच्या भंगारातून आणलेला, खाऱ्या पाण्याला न गंजणारा. हे पाणी ज्या नळातून परत वर जायचं त्याला नाना परतीचा नळ म्हणत. “सगळा जीव परतीच्या नळात आहे,” ते सांगत. “उतरायला काय, पाणी आपोआप उतरतं. परत जायचं म्हटलं की वाट नीट पाहिजे.” आणि वाट किती रुंद पाहिजे, हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी पळी घेतली. म्हणजे सगळ्यांना बोलावलं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. ओटीवर चहा झालेला. विहिरींवर पंप बसवणारा गजा मिस्त्री पायरीवर उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “नाना, मी सांगतंय ता आयका. सव्वा इंच. पाण्याला ऐसपैस वाट दिली म्हणजे पंपाला कळ लागत नाय.”

“सव्वा इंच?” आबा म्हणाले. “मेल्या, हा पंप केवढा! सव्वा इंचात पाणी नुसतं लोळत पडेल. माझ्या सगळ्या माडांना एक इंची आहे. एक इंच घाला नाना, डोळे मिटून.”

“माड आणि मासा एक काय ओ आबा?”

“पाणी तर एकच ना?”

रामआळीतला नळांचा दुकानदार मुद्दाम नमुने घेऊन आला होता. त्यानं करड्या प्लास्टिकच्या नळाचा तुकडा पुढे केला. त्याच्यावर पंचवीस असं छापलेलं. गजा म्हणाला, “पंचवीस म्हंजे इंच.” दुकानदार म्हणाला, “छे हो, पंचवीस म्हणजे पाऊण.” आता भांडण नळावरून आकड्यावर गेलं. गजा लोखंडी नळ बसवत आलेला, लोखंडी नळ आतल्या पोकळीनं मोजतात. प्लास्टिकचा नळ बाहेरच्या अंगानं मोजतात, त्यातून जाडी वजा झाली की आत पाऊण इंचच उरतो. हे दुकानदारानं तीन वेळा सांगितलं आणि दर वेळी ऐकणाऱ्यांचा गोंधळ वाढला. आबा म्हणाले, “म्हणजे माणूस कोट घालून मोजायचा का?” दुकानदाराचा शेवटी एकच हेका, पाऊण घ्या. त्याच्याकडे शिल्लक पाऊणच होता.

नाना प्रत्येकाकडे वळून ‘बरोबर’ म्हणत होते. आणि मग ते माझ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

सगळ्यांनी माना वळवल्या. पाण्याचे साहेब बोलणार. गजानं विडी विझवली. सव्वा, एक, पाऊण, सगळं बोलून झालेलं. त्यातलंच एखादं म्हटलं असतं तर बाकीचे दोघे का म्हणून विचारते, आणि ‘का’चं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. म्हणून जे कोणी म्हटलं नव्हतं ते मी म्हटलं. “अर्धा इंच.”

“अर्धा?” गजा म्हणाला.

“दाब,” मी म्हणालो. आमच्या कचेरीत हा शब्द मी ऐकला होता. “बागेत पाणी घालताना आपण नळीच्या तोंडावर अंगठा धरतो, तेव्हा पाणी लांब जातं ना? तसं.”

नाना उठून उभे राहिले. “ह्याला म्हणतात शिक्षण,” म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि नानांनी काय केलं? चौघांचं ऐकलं. पंपापाशी गजाचा सव्वा इंच, तिथून वळणापर्यंत आबांचा एक इंच, वर चढताना दुकानदाराचा पाऊण, आणि अगदी शेवटी, टाकीच्या तोंडाशी, माझा अर्धा. मधे लहान-मोठ्या तोंडांचे जोड. तो नळ बघून हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मोराच्या पिसाऱ्यासारखा खाली रुंद, वर चोचीएवढा. नाना त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, “आता कोणी रुसायचं काम नाही.”

पंप सुरू केला तेव्हा माझ्या अर्ध्या इंचातून पाण्याची अशी धार सुटली, की सगळ्यांनी वाहवा केली. टाकीत बुडबुड्यांचा नुसता फेस. केंड त्या धारेपुढे जाऊन डोलत उभा राहिला. आबा म्हणाले, “साहेबांनी जिंकलं.” मलाही वाटलं, की आपण बोललो ते खरंच असावं. इतकं खरं वाटलं, की पुढे दोन-तीन जणांना मी दाबाबद्दल आपणहून समजावलं.

टाकीनं घरात काय केलं ते मी खिडकीतून बघत होतो. माई दुपारच्या कामातून उठून पडवीत यायला लागल्या. आधी म्हणे झाडायला. मग सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलताना एखादं बारीक करून केंडाला टाकायला. “हा मेला मलाच ओळखतो,” म्हणाल्या. नाना बाजूला बसलेले असत. एकदा माईंनी त्यांच्या हातातून पंचा घेतला आणि टाकीच्या अँगललाच एक खिळा होता त्यावर टांगला. “इथे राहू दे. ओले हात पुसायला लागतो,” म्हणाल्या. मला वाटतं, त्या घरात नानांना मिळालेली ती पहिली खुंटी.

उन्हाळा चढला आणि धार बारीक झाली. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी कोमट, पाण्यावर तेलकट साय, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. पंप तापून हात लावू देईना. पुन्हा ओटीवर सभा. गजा म्हणाला, आबांच्या इंचानं घोळ केला. आबा म्हणाले, दुकानदाराच्या पाऊणनं गळा धरला. दुकानदार म्हणाला, सव्वापासून सुरुवात केली तिथेच पंप दमला. प्रत्येकानं दुसऱ्याच्या मापाला दोष दिला. माझ्या मापाचं नाव कोणी काढलं नाही. साहेबांचं माप. नाना तर म्हणाले, “शेवटी साहेबांचा तुकडा आहे म्हणून निदान तेवढा तरी जोर आहे.”

त्याच आठवड्यात कचेरीत डबा खाताना मी सहज विचारल्यासारखं करून ओव्हरसियरला विचारलं. तो आमटी ओरपता ओरपता म्हणाला, “अहो, नळ एका जागी बारीक असला की मागं-पुढं कितीही मोठा असून उपयोग काय? पाणी येणार त्या गळ्याएवढंच. धार जोरात दिसते, पण पाणी थोडं. त्यात शेवाळ धरलं म्हणजे संपलंच.” मी डबा झाकला. अंगठा धरला की पाणी लांब जातं, पण बादली उशिरा भरते, हे लहान मुलालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचारच केला नव्हता.

घरी आलो ते सांगायचंच ठरवून. तुकडा कापायचा, एवढंच तर काम. पडवीत आलो तर वीज गेलेली, पंप बंद, आणि नाना टाकीपाशी उभे राहून पळीनं पाणी वर उचलून परत टाकीत सोडत होते. उंचावरून, बारीक धार धरून, चहा निववतात तसं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. घामानं निथळत होते. मला बघून हसले. “साहेब, आलात? जरा बघा, ह्यांना बरं वाटतंय का?” मी टाकीत बघितलं. केंड काचेला टेकून उभा होता. मी म्हणालो, “वाटतंय.” आणि खोलीत गेलो.

का, ते मला अजून सांगता येत नाही. मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. भीती म्हणावी तर नानांना भिण्यासारखं काय होतं? ते ‘बरोबर’च म्हणाले असते. कदाचित तेच नको होतं.

एकेक करून मासे गेले. केंड सगळ्यांत शेवटी. फुगला नाही, काही नाही, वाळूवर नुसता कलंडला. माईंनी त्याला पंच्यात गुंडाळून माडाच्या आळ्यात पुरलं. कणगी मात्र लगेच हलवली नाही. कोपऱ्यात रिकामी टाकी तशीच राहिली. आणि त्या दिवसांत एका संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. आत न येता उंबऱ्यावर बसले.

“साहेब, एजंटाचा पुन्हा निरोप आलाय. एकच खेप, म्हणतो. जाऊ का? तुमचं काय मत?”

इथे मला थांबावंसं वाटतं. पण आज थांबायचं नाही असं ठरवलंय. नाना घरी राहिले तर टाकी पुन्हा सुरू होणार, नळ पुन्हा उघडला जाणार, कोणाच्या तरी लक्षात येणार. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. त्यांच्या तोंडाकडे न बघता मी म्हणालो, “जा की. तुम्हालाही बरं वाटेल.”

“बरोबर,” नाना म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

एसटी स्टँडवर मी आणि आबा पोचवायला गेलो होतो. माई आल्या नाहीत. गाडी लागली तेव्हा खिडकीतून वाकून नाना म्हणाले, “सगळ्यांचं मत एकच पडलं, हे बरं झालं. नाहीतर मला कळलंच नसतं काय करायचं.” आबा हसले. मी हात हलवला.

नाना परत आले नाहीत. बोटीवरच हृदय बंद पडलं, आणि जे काय करायचं ते परक्या बंदरात तिथल्या माणसांनी केलं. इथे फक्त त्यांची पेटी आली. पुढे काही महिन्यांनी माझी बदली झाली. निघताना मी माईंना वाकून नमस्कार केला आणि काही बोललो नाही. साताऱ्याकडे आल्यावरही मी बोललो नाही. बायकोला नाही, कोणाला नाही. कोणी कशाबद्दल मत विचारलं की मी उठून पाणी प्यायला जातो. घरची मंडळी त्याला माझा स्वभाव समजतात.

गेल्या वर्षी पुन्हा रत्नागिरीला जाण्याचं काम निघालं. खरं तर काम टाळता आलं असतं. मुरुगवाड्यात गेलो. छपरावर चार प्रकारची कौलं तशीच. माई थकल्या होत्या पण ओळखलं त्यांनी. “भावोजी, केस पिकले की तुमचे!” पडवीच्या कोपऱ्यात कणगी होती. मी ओटीवर बसलो, चहा घेतला, आणि पेला खाली ठेवायच्या आत सगळं सांगितलं. अर्धा इंच मी कसा म्हणालो ते. कळूनही गप्प कसा राहिलो ते. आणि ‘जा की’ कशासाठी म्हणालो ते.

माईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “अर्ध्या इंचाचं ह्यांना ठाऊक होतं.”

मी पेला खाली ठेवला.

“एकदा तुम्ही कचेरीत होता तेव्हा तुमचा तुकडा ह्यांनी सोडवून बघितला. धो धो पाणी आलं. मासे कसे नाचले! आणि मग बसले पुन्हा तो तुकडा लावायला. मी म्हटलं, अहो, टाका की काढून. तर म्हणे, नको, साहेबांचं मीठ आहे ते.”

“पण मासे मरत होते, माई.”

“हो. दिसत होतं आम्हांला.”

“मग का?”

“मला काय विचारता? मी इतकी वर्षं संसार केला त्यांच्याशी, त्यातली अर्ध्याहून जास्त वर्षं ते समुद्रावर. जायचंच होतं त्यांना म्हणून लावला, की तुमचं मन राखायला लावला, मला नाही कळलं. त्यांना तरी कळलं असेल का?” माई पदरानं पेला पुसत राहिल्या. “तुम्ही जा म्हणालात ना? तुमच्याकडे यायच्या आधी मला विचारायला आले होते. जाऊ का म्हणून. मी भाकऱ्या भाजत होते. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. ज्या माणसाला स्वतःचं बघता येत नाही त्याला मी म्हटलं तुमचं तुम्ही बघा. राहा म्हणायला काय लागलं असतं? दोन अक्षरं.”

मी ओझं उतरवायला गेलो होतो, आणि तिथे आधीच एक ठेवलेलं होतं. माझं त्यातलं किती, माईंचं किती, नानांचं स्वतःचं किती, याची मापं मला अजून लावता येत नाहीत. बाहेरून मोजायचं की आतून, हेसुद्धा कळत नाही.

माई मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. विहिरीवरच्या सिमेंटच्या टाकीपासून अबोलीच्या वाफ्यापर्यंत एक नळ टाकलेला. मी बघताक्षणी ओळखला. सव्वा, एक, पाऊण, अर्धा. जोड सगळे जागच्या जागी. माईंनी चावी सोडली. शेवटच्या तुकड्यातून बोटाएवढी धार अबोलीच्या मुळाशी पडायला लागली.

“माई, घरात करवत आहे?” मी विचारलं. “तो शेवटचा तुकडा मी कापून देतो.”

“आता कापून काय करता, भावोजी? अबोलीला एवढंच पाणी लागतं. जास्त झालं तर मुळं कुजतात.”

मी तिथेच उभा राहिलो. फुलं भरपूर होती. माई आत गेल्या. चुलीवरच्या साराचा वास आला, आणि थोड्या वेळानं त्या दारात आल्या, हातात पळी घेऊन.

“मीठ बघा,” म्हणाल्या.

मी सार तळहातावर घेतलं, चाखलं. जीभ भाजली. थोडं कमी, म्हणायला तोंड उघडलं होतं.

“माई,” मी म्हणालो, “मला त्यातलं काही कळत नाही.”

“हे आधी सांगायचं होतंत,” माई म्हणाल्या, आणि पान वाढायला आत वळल्या.